चाळीस दिवसांनंतर

बाळंतिणीचे लाड आपल्याकडे चाळीस दिवसांचे. आमच्या घरांत त्याला चिल्ला म्हणतात, शेजारी सव्वा महिना म्हणतात. डिंक-आळीव, शेक-शेगडी दोन्हीकडे सारखीच. एकेचाळिसाव्या दिवशी ती पुन्हा सून होते. थायरॉईडचं दुखणं डोकं वर काढतं ते बहुधा यानंतरच, त्यामुळे ते कुणाच्या हिशेबातच नसतं.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, कविता लिहिणारी बाई. यातलं मला कळतं ते भाचीमुळे. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन-अडीच महिन्यांनी तिच्या छातीत धडधड सुरू झाली, हात कापू लागले, वजन भराभर उतरलं. ‘पाजते ना, बारीक होणारच,’ म्हणून सगळे मोकळे झाले. पाचव्या महिन्यात सगळं उलटं. अंग जड, भर वैशाखात हुडहुडी, कंगव्यात केसांचे पुंजके. मला म्हणाली, ‘खाला, बाळ रडतं ते ऐकू येतं, पण उठवत नाही.’ सासरी तोवर ती आळशी ठरली होती. कुणी नजरही उतरवली.

गळ्यातली ही फुलपाखरासारखी ग्रंथी. गरोदरपणी शरीराची प्रतिकारशक्ती जराशी दबून असते. बाळंतपणानंतर ती उसळते आणि काही जणींत या ग्रंथीवरच उलटते. आधी ग्रंथीतला साठा रक्तात सांडतो, म्हणून धडधड. मग साठा सरतो, म्हणून मरगळ. शंभरात पाचेक जणींना पहिल्या वर्षात हे होतं. पहिल्या प्रकारचा मधुमेह असेल तर शक्यता बरीच वाढते. वरून मात्र मन खचल्यासारखंच दिसतं.

टीएसएचची रक्ततपासणी केल्यावर निदान झालं. भाचीला लेव्होथायरॉक्सिनची गोळी सुरू झाली, सकाळी उपाशीपोटी. बाळंतिणीच्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यानंतर चार तासांनी, एरवी ही गोळी नीट अंगी लागत नाही. गोळीनं दूध बिघडेल, अशी सासूबाईंची धास्ती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘खुशाल पाजा, बाळाला अपाय नाही.’ बहुतेकींची ग्रंथी वर्ष-दीड वर्षात सावरते, काहींना गोळी कायमची लागते. सावरली तरी दरवर्षी तपासणी हवी, आणि पुढच्या बाळंतपणाआधी डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं.

भाचीची गोळी वर्षभरानं थांबली. तिच्या सासूबाई आता गल्लीतल्या कुठल्याही बाळंतिणीला तिसऱ्या महिन्यात गाठून विचारतात, ‘छाती धडधडते का गं?’