आतड्याची शस्त्रक्रिया : कोणता खर्च मोजायचा?

(आरोग्य शिबिरातील व्याख्यान)



विनयपिटकातील महावग्गात जीवक वैद्याची एक कथा आहे. वाराणसीच्या एका श्रेष्ठीच्या मुलाच्या आतड्याला कोलांट्यांचा खेळ खेळताना पीळ पडला. त्याला पेजही पचेना. राजगृहाहून जीवक आला. त्याने रुग्णाच्या पत्नीला समोर उभे केले, पोट चिरले, पिळलेले आतडे तिला दाखविले, पीळ सोडवून ते आत ठेवले, टाके घातले आणि लेप लावला. मुलगा बरा झाला. श्रेष्ठीने जीवकाला सोळा हजार दिले.

श्रेष्ठीला ती रक्कम जड गेली नसेल. आपल्या वस्तीतला प्रश्न वेगळा आहे. कर्करोगामुळे मोठ्या आतड्याचा भाग काढावा लागणार असे कळले की घरची मंडळी विचारतात, "पोट उघडून की दुर्बिणीतून?" आणि पाठोपाठ, "पैसे कुठून आणायचे?" आम्ही रुग्णांच्या भेटीला जातो तेव्हा हे दोन्ही प्रश्न कानावर येतात. दागिने मोडण्याचा, व्याजाने पैसे काढण्याचा विचार सुरू झालेला असतो. म्हणून आज हा हिशेब शांतपणे मांडू.

पहिल्या पद्धतीत पोटावर मोठा छेद घेतात. दुसरीत पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून लहान छिद्रांतून दुर्बीण व अवजारे घालतात. आतड्याचा भाग बाहेर काढण्यापुरता छोटा छेद घेतात. आतून काढायचा भाग दोन्हींत तोच असतो. आपल्या देशात पित्ताशयाची दुर्बिणीची शस्त्रक्रिया डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, म्हणजे सरकारी रुग्णालयात, प्रथम केली. आतड्याच्या अशा शस्त्रक्रियांचे वृत्तान्त 1991 पासून अमेरिकेतून येऊ लागले. कर्करोगात ही पद्धत सुरक्षित आहे का, ही शंका मात्र होती.

ती शंका मोठ्या तुलनांनी दूर केली. अमेरिकेत 872 रुग्णांची तुलना 2004 साली प्रसिद्ध झाली. तीन वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण दोन्हींत जवळजवळ सारखे निघाले. रुग्णालयातील मुक्काम दुर्बिणीनंतर साधारण 5 दिवस, पोट उघडल्यावर 6 दिवस. वेदनाशामक औषधेही थोडी कमी लागली. पण रुग्णांना त्यांच्या जगण्याबद्दल विचारले तेव्हा स्पष्ट फरक दिसला तो दोन आठवड्यांपाशी. दोन महिन्यांनी तो उरला नव्हता. ब्रिटनमध्ये 794 रुग्णांची तुलना झाली. तिथेही जीवनमानात मोठा फरक आढळला नाही. शिवाय दुर्बिणीने सुरू केलेल्या शंभरांतील सुमारे 29 शस्त्रक्रियांत शेवटी पोट उघडावेच लागले. पुढे शल्यविशारदांचा हात बसत गेला तसे हे प्रमाण खाली आले.

आता खर्च. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला वेळ जास्त लागतो, एकदा वापरून टाकण्याची साधने महाग असतात. म्हणून शस्त्रक्रियागृहाचा खर्च वाढतो. उलट खाटेचे दिवस कमी होतात. ब्रिटनच्या हिशेबात दोन्ही बाजू मिळून एकूण खर्च जवळपास सारखाच आला. स्वीडनमध्ये रुग्णालयाचा खर्च दुर्बिणीला जास्त निघाला, पण बुडालेले कामाचे दिवस धरल्यावर एकूण खर्चात ठळक फरक राहिला नाही. ब्रिटनच्या मार्गदर्शक संस्थेने 2000 साली पोट उघडण्याच्या पद्धतीलाच पसंती दिली होती. 2006 साली तिने दुर्बिणीलाही मान्यता दिली. पुरावा बदलला की मत बदलावे, हे कालाम सुत्त ऐकलेल्यांना सांगायला नको.

मित्रहो, हे आकडे परदेशचे आहेत. तिथे बिल बहुतांशी सरकारी व्यवस्था भरते. आपल्याकडे खासगी रुग्णालयाचे बिल घरावर येते आणि रोजंदारीचे बुडालेले दिवस कोणत्याच बिलात दिसत नाहीत. म्हणून दोन रकाने करा. एकात रुग्णालयाचा खर्च, दुसऱ्यात रुग्णाची आणि सोबत राहणाऱ्याची बुडणारी मजुरी, प्रवास व जेवण. मग बेरीज करा.

डॉक्टरांना निःसंकोच विचारा : अशा किती शस्त्रक्रिया आपण केल्या? आमच्या रुग्णाला दुर्बीण योग्य आहे का? मध्येच पोट उघडावे लागले तर खर्च किती वाढेल? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, हे आरोग्यमित्राकडून आधी समजून घ्या.

दुर्बिणीचा फायदा खरा आहे, पण तो मुख्यतः पहिल्या काही आठवड्यांचा आहे. परवडत असेल आणि हात अनुभवी असेल तर जरूर घ्यावा. परंतु त्यासाठी घर कर्जात बुडवू नये आणि पैसे जमेपर्यंत शस्त्रक्रिया लांबवू तर मुळीच नये. पोट उघडून वेळेवर केलेली शस्त्रक्रिया हा गरिबाचा कमअस्सल उपचार नव्हे.

त्या पहिल्या आठवड्यांत मात्र आपण उपयोगी पडू शकतो. महावग्गातच पोटाच्या विकाराने मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूची हकीकत आहे. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगून स्वतः त्याच्यावर पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि भगवंतांनी सेवेची जबाबदारी संघावर टाकली. आपल्या संस्थेच्या सभासदांनी शस्त्रक्रिया झालेल्या घरी आळीपाळीने डबा पोचवला, रात्री सोबत केली, मुलांचा अभ्यास घेतला, तर मोठ्या छेदाचे दिवसही थोडे हलके होतील. हे काम आपण आजपासूनच वाटून घेऊ.

जय भीम! जय भारत!