झडती कोणाची, समझोता कोणाशी?

आभासी चलनाचे व्यवहार गुप्त असतात, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. इथेरियमसारख्या चलनाची खातेवही साऱ्या जगापुढे उघडी असते. खात्यावर नाव नसते. पण त्याचा धनी एकदा कळला, की त्याचा पै न् पैचा हिशेब कोणालाही वाचता येतो. यावर उतारा म्हणून २०१९ साली ‘टोर्नेडो कॅश’ ही मिश्रणसेवा निघाली. अनेकांनी ठराविक रकमा एका सामाईक साठ्यात भरावयाच्या आणि कालांतराने नव्या खात्यावर काढून घ्यावयाच्या. पैसे भरले होते, एवढे गणिती पुराव्याने सिद्ध होते. कोणते, ते उमगत नाही.

या आडोशाला सज्जन आले तसे चोरही आले. उत्तर कोरियाच्या ‘लाझारस’ टोळीने ४५ कोटी डॉलरहून अधिक लूट येथून फिरवली, असे सांगून अमेरिकेच्या अर्थखात्याने ८ ऑगस्ट २०२२ रोजी या सेवेवर निर्बंध लादले. आरोप किरकोळ नव्हता. परंतु निर्बंधाचा घाव चोरांपुरता राहिला नाही. युक्रेनला देणगी देताना आपण हीच सेवा वापरली होती, असे इथेरियमचे एक जनक विटालिक ब्युटेरिन यांनी त्याच महिन्यात सांगितले. त्या वाटेने जाणारा प्रामाणिक देणगीदारही आता गुन्हेगार ठरणार होता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने, कोणालाही बदलता न येणारी आज्ञावली ही कोणाची मालमत्ता नव्हे, असा निर्णय दिला. मार्च २०२५ मध्ये निर्बंध उठले. कर्ते मात्र सुटले नाहीत. अलेक्सी पेर्तसेव्ह यांना नेदरलँड्समध्ये २०२४ साली ५ वर्षे ४ महिन्यांची शिक्षा झाली. रोमन स्टॉर्म यांना २०२५ साली न्यूयॉर्कच्या ज्यूरीने विनापरवाना पैसे पोचवण्याच्या कटाबद्दल दोषी ठरवले. काळा पैसा धुण्याच्या आरोपावर तिचे एकमत झाले नाही.

याच्या शेजारी २०१२ सालचे एक प्रकरण ठेवावे. मेक्सिकोतील अमली पदार्थांच्या टोळ्यांचा पैसा एचएसबीसी बँकेतून धुतला गेला. बँकेने सुमारे १९० कोटी डॉलर भरून समझोता केला; तिच्या एकाही अधिकाऱ्यावर त्याबद्दल खटला झाला नाही.

समाजवाद्याने भांडवलाच्या गुप्ततेची वकिली करू नये. परंतु कामगाराने संपनिधीला दिलेली वर्गणी मालकाला न कळणे, ही लबाडी नसून त्याचे संरक्षण आहे. सत्ता जितकी मोठी, तितका तिचा हिशेब उघडा हवा. माणूस जितका दुबळा, तितका त्याला आडोसा हवा. दुबळ्याची झडती आणि बलवानाशी समझोता, याला कायद्याचे राज्य म्हणता येणार नाही.