सांडपाण्याचा काठ



देवगड तालुक्यात ज्याचं कोणी भांडुप-विक्रोळीला नाही, असं घर शोधावंच लागेल. त्या भांडुपच्या पूर्वेला, द्रुतगती महामार्गाच्या पलीकडे, मुंबई महापालिकेचं पंपिंग स्टेशन आहे. सांडपाणी, त्याला लागून कांदळवन, मग ठाण्याची खाडी. मुंबईचे पक्षीनिरीक्षक कितीतरी वर्षं तिथे पहाटे पोचतात. आपला चाकरमानी मात्र नाकाला रुमाल लावून पुढे जातो. तो भाद्रपदात गणपतीला गावी येतो, त्या सुमारास या काठावर तुतारी पक्षी उतरलेले असतात. मागोमाग पिवळे धोबी, टिलवे, थापट्या बदकं येतात आणि हिवाळ्यात खाडीत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. पुढे मार्च-एप्रिलमध्ये देवगडच्या हापूसच्या पेट्या वाशीच्या बाजारात पोचू लागतात, तेव्हा त्याच वाशीच्या खाडीवरून यातले बरेचसे उत्तरेकडे परत निघतात.

एवढ्या लांबून येऊन सांडपाण्यावरच का उतरतात? सांडपाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस भरपूर. त्यावर शेवाळ माजतं, शेवाळावर सूक्ष्म जीव पोसतात आणि तळच्या गाळात डासासारख्या, पण न चावणाऱ्या चिलटांच्या लालभडक अळ्या होतात. छोटा रोहित सूक्ष्म शेवाळ चोचीने गाळून खातो. टिलवा अळ्या टिपतो. आता एक गोष्ट नीट ऐका, कारण ती हमखास निसटते. टिलव्याचे पाय बोटाएवढे. त्याला दोन-तीन सेंटिमीटर पाणी चालतं, त्याहून जास्त नाही. शेकाट्या लांब पायांवर थोडा आत जाईल, धोबी ओल्या चिखलावरच पळेल. म्हणजे तळं कितीही मोठं असो, यांचं पोट भरतं ते काठावरच्या चार-सहा पावलांच्या पट्ट्यात. काठ गेला की तळं असून नसल्यासारखं.

मुंबईहून देवगडला येणारी रातराणी आठवा. मध्ये कुठेतरी हॉटेलवर गाडी थांबते, कंडक्टर ओरडतो, "वीस मिनिटं!" तेव्हा टेबल पुसलंय का, हे कोणी बघत नाही. गरम काहीतरी मिळालं पाहिजे, कारण पुढचा पल्ला मोठा आहे. टिलव्याचं तसंच. आर्क्टिकच्या टुंड्रात अंड्यांतून बाहेर पडलेला हा जेमतेम पंचवीस ग्रॅमचा जीव थांब्याथांब्यावर खाऊन चरबी साठवतो आणि पुढे उडतो. मोठ्या पल्ल्याआधी वजन दीडपटीच्या आसपास जातं. आणि समजा, तेच हॉटेल पाडून काचेची झकपक इमारत उभी केली, पण चूलच पेटवली नाही, तर? गाडी थांबेल, उतारू उतरतील आणि उपाशीच परत चढतील.

नेमकी हीच भीती आहे. जानेवारी 2023 मध्ये मुंबईत सात नव्या मलजल प्रक्रिया केंद्रांची पायाभरणी झाली, त्यात भांडुप आणि घाटकोपरही आहेत. केंद्रं हवीतच. अर्धवट प्रक्रिया केलेलं पाणी खाडीत सोडण्याची बाजू कोणी घेऊ नये; खाडीवर जगणाऱ्या कोळ्याच्या जाळ्यालाही त्याचा उपद्रव आहे. पण काँक्रीटच्या टाकीला उभी भिंत असते. तिला काठ नसतो! पाणी स्वच्छ होईल आणि चूल विझेल.

दोन्ही साधता येतं. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळ वेरिबीला 1897 पासून शहराचं सांडपाणी जातं. तिथे आता काही तळी झाकून त्यांतला वायू वीजनिर्मितीला वापरतात, प्रक्रियाही सुधारली आहे. तरी काही उघडी तळी मुद्दाम पक्ष्यांसाठी राखली आहेत आणि त्यांतल्या पाण्याची पातळी सांभाळली जाते, म्हणजे काठ उघडा राहतो. सुमारे तीनशे जातींच्या पक्ष्यांची तिथे नोंद आहे. निरीक्षकांना रीतसर परवाना मिळतो. ठाणे खाडीला 2015 मध्ये रोहित अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. मग तिच्या शेजारी प्रक्रियेनंतरचं थोडं पाणी उथळ तळ्यात फिरवणं मुंबईला जड का जावं?

उलट उदाहरणही जवळच आहे. पुण्याखाली मुळा-मुठेवर कवडीपाट. चक्रवाक आणि धोबी पाहायला लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या जातात. तिथे फेस येतो, प्लास्टिक येतं आणि जलपर्णी पसरली की काठच झाकला जातो. चिखल आहे, पण तिच्याखाली. पुन्हा काठाचीच गोष्ट.

आता आपल्याकडे, देवगडला. तारामुंबरी-मिठमुंबरीच्या खाडीवर ओहोटीला उभे राहा. पाणी उतरताना जो गाळ उघडा पडतो, त्यावर हिवाळ्यात चिखल्यांची लगबग असते. काही चिखल्यांच्या छातीवर एप्रिलच्या सुमारास विटकरी रंग चढतो, ती निघण्याची खूण. त्या गाळाला "घाण" म्हणून तिथे भराव घालायला कोणी निघालं, तर बायांनो, बाप्यांनो, आधी चार प्रश्न विचारा. किनाऱ्याला भिंत बांधायची म्हणाले, तरी विचारा. खाडी तशीच राहील, काठ जाईल.

हे पक्षी पाहायला महागडी दुर्बीण नसली तरी चालेल. तारीख, वेळ आणि पाणी किती उतरलं होतं, एवढं वहीत लिहा. एखाद्या पक्ष्याच्या पायात कडं किंवा रंगीत पट्टी दिसली, तर रंग आणि अक्षरं टिपून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. 1959 मध्ये सालिम अलींच्या पुढाकाराने या संस्थेने पक्ष्यांना कडी घालण्याचं मोठं काम हाती घेतलं. त्या कड्यांवरून काय काय उलगडलं, हे खरं तर सांगायचं होतं, पण वेळ संपल्याचा लाल दिवा समोर लागला आहे. ते पुढच्या वेळी.