गटाचे नंबर, गटाच्या तारखा



उन्हाळ्यात आमच्या गटाचा जुना कॉम्प्युटर बंद पडला. नवा घेतला, पण त्यात पापड घेणाऱ्या दुकानदारांचे नंबर नाहीत की बँकेच्या हप्त्याच्या तारखा नाहीत. एक हप्ता चार दिवस उशिरा गेला आणि दंड गटाच्या माथी बसला.

मग कळलं, हे सगळं कॉम्प्युटरमध्ये नव्हतंच. ते गूगलच्या खात्यात होतं. आणि खातं कुणाचं? सचिवताईंच्या मुलाचं! त्यानंच हौसेनं सगळं बसवून दिलं होतं, मग तो नोकरीला पुण्याला गेला. चूक त्याची नाही. खातं कुणाच्या नावाचं, हे आम्हीच कधी विचारलं नाही.

तो सुट्टीला आला तेव्हा आम्ही गटासाठी वेगळं खातं उघडलं. त्याच्या खात्यातले फक्त गटाचे नंबर निवडून एक्स्पोर्ट केले, त्याची एक फाइल झाली. ती नव्या खात्यात इम्पोर्ट केली, झालं. कॅलेंडरनं मात्र दमवलं. मोबाइलच्या ॲपमध्ये ती सोयच नाही, कॉम्प्युटरवरच करावं लागतं. शिवाय कॅलेंडरची फाइल झिप होऊन येते. आम्ही ती तशीच घालत बसलो, घेईचना. आधी ती उघडून आतली ‘आयसीएस’ फाइल बाहेर काढायची, मग घेते.

ही फाइल म्हणजे वहीची नक्कल. नंतर जुन्या वहीत काही लिहिलं तर नकलेत येत नाही. रोजचा मेळ राहतो तो सिंकमुळे. म्हणून मोबाइलच्या सेटिंगमध्ये गटाचं खातं जोडलं आणि कॉन्टॅक्ट व कॅलेंडर या दोन्हींचं सिंक चालू केलं. तरी अध्यक्षताईंनी तीन नंबर सिममध्ये ठेवले, ते काही कॉम्प्युटरवर दिसेनात! नंबर ठेवताना गटाचं खातंच निवडायचं.

आता पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घातलाय, पाकीट गटाच्या पेटीत आहे. ओटीपी अध्यक्षताईंच्या मोबाइलवर येतो. सचिव बदलल्या की त्याच बैठकीत पासवर्डही बदलायचा, असा ठराव आम्ही इतिवृत्तात लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्यात.