संज्ञापनविद्या : पदवीचा विषय म्हणून

बारावीचा निकाल लागला कीं मध्यमवर्गीय घरांत एखादी सायंकाळ विशेष गंभीर होते. मुलगी सांगते कीं, तिला पदवीसाठीं संज्ञापन आणि प्रसारमाध्यमें हा विषय घ्यावयाचा आहे. आई कांहींशा कौतुकानें पाहते; वडील मात्र चष्मा पुसून विचारतात, "बोलावें कसें आणि वर्तमानपत्र काढावें कसें, हें शिकावयास तीन-चार वर्षें कशाला हवींत ? लिहिण्याचें अंग असेल तर तें कॉलेजावांचूनहि फुलेल. नसेल तर प्रोफेसर तें कोठून आणणार?"

वडिलांचा हा आक्षेप पोरकट नाहीं. याहून मोठ्या माणसांनीं तो पूर्वीं घेतलेला आहे. न्यूयॉर्कचे वृत्तपत्रस्वामी जोसेफ पुलित्झर यांनीं १८९२ सालीं कोलंबिया विद्यापीठापुढें वृत्तपत्रविद्येच्या शाळेची कल्पना मांडली, तेव्हां ती प्रथम स्वीकारली गेली नाहीं. १९०४ सालीं एक दीर्घ लेख लिहून त्यांनीं आक्षेपकांना उत्तर दिलें. जन्मजात गुणांनाहि शिक्षणाची जोड लागते, हा त्याचा गाभा. १९११ मध्यें ते वारले. त्यांच्या देणगींतून शाळा उघडली ती पुढच्या वर्षीं.

तत्पूर्वींच, १९०८ सालीं, मिसूरी विद्यापीठांत वॉल्टर विल्यम्स यांनीं अशी शाळा सुरू केली होती. विल्यम्स यांना स्वतःला कॉलेजची पदवी नव्हती. पुढें तेच त्या विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या विद्यार्थ्यांनीं पहिल्याच दिवशीं खरेंखुरें वर्तमानपत्र काढलें. करून शिकावें, हें वडिलांचें म्हणणें त्या शाळेनें खोडून न काढतां आपल्या शिक्षणांतच सामावून घेतलें.

परंतु एवढ्यानें विषय पुरा होत नाहीं. वर्तमानपत्र काढतां येणें ही कला झाली. तें वाचून वाचणाराच्या मनाचें काय होतें, हा शास्त्राचा प्रश्न आहे. १९४० च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळीं पॉल लाझार्सफेल्ड व त्यांचे सहकारी यांनीं ओहायो राज्याच्या ईरी परगण्यांतील मतदारांना पुनःपुन्हां भेटून हा प्रश्न तपासला. प्रचारानें मतें भराभर फिरतात, अशी सर्वसाधारण समजूत. आढळलें तें निराळेंच. बाजू बदलणारे थोडे निघाले. पुष्कळांच्या मूळच्याच मताला प्रचारानें बळकटी आली. आणि वर्तमानपत्र व रेडिओ यांपेक्षां ओळखीच्या माणसाचा शब्द अधिक वजनदार ठरला. १९४७ सालीं विल्बर श्राम यांनीं इलिनॉय विद्यापीठांत संज्ञापन-संशोधनाची संस्था उभारली, आणि या तपासाला विद्यापीठांत हक्काचें घर मिळालें.

या विद्येचा एक मोलाचा धडा मराठी मुलखांतच मिळाला आहे. १९५६ सालीं आकाशवाणीच्या पुणें केंद्रानें युनेस्कोच्या साहाय्यानें, तेव्हांच्या मुंबई राज्यांतील पांच जिल्ह्यांच्या सुमारें १५० गांवांत श्रोतृमंडळें स्थापिलीं. दहा आठवडे, आठवड्यांतून दोनदां, शेती, आरोग्य अशा विषयांवर अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. तो संपल्यावर मंडळी उठून जात नसत. तेथेंच बसून चर्चा करीत व आपल्या शंका केंद्राकडे धाडीत. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनीं मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत कार्यक्रमाच्या आधीं व नंतर गांवकऱ्यांच्या माहितीची तपासणी केली. तुलनेसाठीं मंडळें नसलेलीं गांवेंहि निवडलीं होतीं; त्यांपैकीं कांहींत रेडिओ होता, कांहींत नव्हता. मंडळांच्या गांवीं ज्ञानांत ठळक वाढ दिसली. इतर गांवीं ती नगण्य होती, मग तेथें रेडिओ असो वा नसो ! नुसतें यंत्र गांवांत येऊन भागलें नाहीं. माणसें ऐकून एकत्र बोललीं, तेथेंच शब्द रुजला. १९५९ सालीं ही योजना देशभर नेण्यांत आली.

वडिलांच्या प्रश्नाचें उत्तर येथें सांपडतें. बोलणें शिकावयास तीन वर्षें नकोत हें खरें; पण बोललेलें कोणापर्यंत पोंचलें, कोणत्या रूपानें पोंचलें आणि त्यानें काय घडलें, हें तपासावयास शिकण्यासाठीं तीं थोडींच पडतात. आज प्रत्येकाच्या खिशांतील मोबाईल हा छापखानाहि आहे आणि प्रक्षेपणकेंद्रहि. खोटी बातमी घरांत येते ती बहुधा एखाद्या आप्ताच्या हातून, आणि म्हणूनच ती खरी वाटते. ओळखीच्या शब्दाचें वजन ईरी परगण्यांत दिसलें होतें. त्याची ही दुसरी बाजू होय.

तथापि घरच्यांची चिंताहि अनाठायीं नाहीं. विषयाचें नांव आकर्षक असलें म्हणून नोकरी बांधलेली नसते. छायाचित्रणाचीं व संकलनाचीं यंत्रें लवकर जुनीं होतात. जें कॉलेज तीं हाताळण्यापुरतेंच शिकवितें, तें विद्यार्थ्यालाहि यंत्राबरोबर जुनें करतें. म्हणून प्रवेशाआधीं चार गोष्टी विचाराव्या. विद्यार्थ्याचें लेखन तपासून, दुरुस्त होऊन नियमानें परत येतें काय ? पाहणी व संख्याशास्त्र शिकवितात काय ? अब्रुनुकसानीचा कायदा आणि व्यवसायाची नीति यांना जागा आहे काय ? आणि इतिहास, अर्थशास्त्र यांसारखा दुसरा एखादा विषय खोलवर अभ्यासण्यास वाव आहे काय ? कारण सांगण्याची हातोटी आली, पण सांगण्यासारखें जवळ कांहीं नसलें, तर ती पोकळच.

या प्रश्नांचीं उत्तरें मुलीनें स्वतः कॉलेजांत जाऊन मिळवावीं. प्राध्यापकांना भेटावें, शिकून बाहेर पडलेल्यांना विचारावें, ऐकलेलें पडताळून पाहावें, आणि घरीं येऊन तें सारें, अनुकूल तसेंच प्रतिकूलहि, वडिलांना समजेल अशा मराठींत सांगावें. तें तिला साधलें, तर या विद्येला लागणारी वृत्ति तिच्या ठिकाणीं आहे, हें वडिलांना वेगळें पटवून देण्याचें कारण उरणार नाहीं.