कोलूपुढील धावपट्टी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात नवरात्र-संमेलनात केलेले भाषण)



तंजावरच्या मराठी माणसाने अशा व्यासपीठावरून बोलावयाचे म्हणजे व्यंकोजीराजे, सरफोजीराजे आणि सरस्वती महाल यांचे स्मरण करावे, हा प्रघात आहे. तो आम्हांला मान्यच आहे. तथापि आज आम्ही उभे आहोत ते एका फळीची कैफियत मांडण्यासाठी. मंडळाच्या अडगळीच्या खोलीत आठ फूट लांब व चार फूट रुंद अशी एक प्लायवुडची फळी भिंतीला टेकून उभी आहे. खोली रिकामी करताना ती टाकून द्यावी, अशी सूचना आली आहे. निर्णय होण्यापूर्वी आमचे म्हणणे ऐकून घ्यावे, एवढीच विनंती.

या प्रांतात नवरात्रात बोम्मई कोलू मांडतात, आणि आपल्या घरांनीही तो आपलासा केला आहे. पायऱ्यांवर बाहुल्या आणि खाली मुलांनी रचलेले गाव, बाग, तळे. काही वर्षांपूर्वी मंडळातील मुलांनी हट्ट धरला की, यंदा गाव नको, मोटारींची शर्यत हवी. कोणा नातलगाने परदेशातून विजेवर धावणाऱ्या दोन छोट्या मोटारी आणल्या होत्या. त्यांचा रस्ता मात्र आणला नव्हता. हा खेळ इंग्लंडात फ्रेड फ्रान्सिस यांनी 1957 साली ‘स्केलेक्स्ट्रिक’ या नावाने बाजारात आणला. मोटार खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या हिश्शाची. तिच्या पोटाखालची जीभ रस्त्यातील खाचेत बसते, खाचेच्या दोन्ही बाजूंच्या धातूच्या पट्ट्यांतून वीज मिळते, आणि खेळणाऱ्याच्या हातातील खटका वेग कमी-अधिक करतो. दिशा खाच ठरविते. वेग मात्र आपण.

देवीपुढे शर्यत कसली, असा आक्षेप ज्येष्ठांनी घेतला. तो अकारण नव्हता. मुले एरवी मंडळात येत ती जेवणापुरती, आणि आपसांत बोलत तमिळ नाही तर इंग्रजी. शेवटी एका आजींनी तोड काढली. “आरती झाल्यावर खेळा. पण आखणी कशी केलीत ते मला मराठीत समजावून सांगा. मला कळले तर मांडा.”

मग त्रिज्या, परीघ, अंतर हे शब्द शोधणे आले. प्रथम एकाने चौकोनी रस्ता काढला. त्याला आम्ही मोठ्या देवळाच्या रथाची आठवण दिली. दीर्घ खंडानंतर 2015 साली तो रथोत्सव पुन्हा सुरू झाला. रथ चार राजवीथींतून फिरतो, आणि कोपऱ्यावर चाकाखाली लाकडी पाचरी देऊन त्याला सावकाश वळवावे लागते. ज्याला थांबावयाचे नाही त्याला काटकोन चालत नाही. म्हणून दोन सरळ रस्ते आणि दोन टोकांना दोन अर्धवर्तुळे, असा लांबट आकार ठरला.

वळणावर गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते. यास्तव बाहेरच्या खाचेपासून कडेपर्यंत 15 सेंटिमीटर जागा सोडली. उरलेल्या रुंदीत बाहेरच्या खाचेची त्रिज्या 46 सेंटिमीटर बसली. दोन खाचांत 8 सेंटिमीटर अंतर, म्हणून आतली 38. सरळ भाग प्रत्येकी 122. खिळा केंद्रस्थानी ठोकून, त्याला लाकडी पट्टी जोडून, पट्टीच्या टोकाला सुताराचे राउटर बांधले आणि 3 मिलिमीटर रुंद व 8 मिलिमीटर खोल खाच कोरली.

येथे भांडण जुंपले. बाहेरचा फेरा भरला 533 सेंटिमीटर, आतला 483. बाहेरच्या गाडीवर प्रत्येक फेऱ्यात अर्ध्या मीटरचा अन्याय! फळी मोठी घेतली तर फरक मिटेल, असे एकाचे म्हणणे. हिशेब मांडला तेव्हा कळले की, फरक मिटत नाही. दोन खाचांतील अंतराची सव्वासहा पट, थोडी अधिकच, एवढा तो असतो. फळी अंगणाएवढी असो वा मैदानाएवढी. बाहेरचे वळण सौम्य असल्याने तेथे गाडी अधिक वेग सोसते हे खरे. पण आमच्या आकड्यांत वळणावरील वाट एकवीस टक्के लांब, आणि वेग जेमतेम दहा टक्के अधिक. म्हणजे भरपाई अर्धीच. एकाने सुचविले की, खाचा मध्ये एकमेकींना छेदू द्याव्यात, म्हणजे अंतर समान होईल. होईल, पण छेदावर टक्करही होईल. अखेर आजींनीच विचारले, “निम्मे फेरे झाल्यावर जागा का बदलत नाही?” न्याय रस्त्यात बसविता आला नाही, तो नियमात बसविला.

पुढच्या अडचणीही सांगतो. गाड्या वळणावर कलंडू लागल्या. उपाय पायरीवरच बसला होता: आपली तंजावरची बाहुली. तिची बैठक गोल व जड असते, म्हणून कितीही ढकलले तरी ती पुन्हा उभी राहते. आम्ही शिशाची पातळ पट्टी गाडीच्या तळाशी चिकटविली. भार खाली आला, गाडी सावरली. पुढे, वीज एकाच जागी जोडल्यामुळे दूरच्या वळणावर गाडी मंदावे, कारण तांब्याची पट्टी पातळ. फळीखालून जाड तार नेऊन चार ठिकाणी जोड दिले. पट्ट्या काळवंडल्या तेव्हा चिंचेने घासा, असा घरोघरचा सल्ला आला. लाकूड भिजेल म्हणून आम्ही शाळेतील खोडरबर वापरले.

त्या नवरात्रात आरतीनंतर कोणी लवकर घरी गेले नाही. हिशेब समजावून घेतलेल्या आजींनी पहिला खटका दाबला, आणि त्यांची गाडी पहिल्याच वळणावर बाहेर पडली.

या फळीने मुले मराठीत पारंगत झाली, असा दावा आम्ही करणार नाही. त्यांतील बहुतेक आज नोकरीनिमित्त परगावी आहेत, आणि त्या आजीही आता नाहीत. दमट हवेने एका कोपऱ्यातील खाच फुगून अरुंद झाली आहे. खालच्या बाजूस वॉर्निश द्यावयाचे आम्ही विसरलो, हा दोष आमचा. पण याच गावी सरफोजीराजांच्या छापखान्यात मुलांसाठी मराठी नीतिकथांचे पुस्तक निघाले, ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. मुलांच्या हाती काही दिल्याखेरीज भाषा त्यांच्या तोंडी राहत नाही, हे त्या राजाने ओळखले होते.

आपण घरापासून दूर असलेली माणसे बाहेरच्या खाचेवर आहोत. आपला फेरा लांबच पडणार. तो फरक मोठ्या सभागृहाने मिटणार नाही. तेव्हा फळी टाकू नये. पुढच्या नवरात्रापूर्वी चार मुले, एक सुतार आणि हिशेब ऐकून घेणारी एक आजी एवढे मंडळाने द्यावे. खोडरबर आम्ही आणू.