उष्णता अडवावी, ओल कोंडू नये



अड्याळ परिसरातील आपली जुनी घरे मातीच्या जाड भिंतींची व कवेलूंच्या छपराची. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. म्हणून हल्ली पुष्कळ कुटुंबे कवेलूंखाली थर्माकोलचे छत बसवितात व भिंतींना सिमेंटचा गिलावा देतात. आम्हीही तेच केले. उन्हाळा सुखाचा गेला. परंतु तिसऱ्या पावसाळ्यानंतर छत उघडले तेव्हा वडिलांनी बसविलेले सागवानी आढे कुजलेले आढळले.

दोष आमचाच. मातीची भिंत जमिनीतील ओल वर ओढते व सारवणातून सुकवून टाकते. सिमेंटने तो मार्ग बंद होतो आणि ओल भिंतीतच वर चढते. तसेच चुलीवरील वाफ फटींतून छतावर जाते व हिवाळ्याच्या रात्री गार कवेलूंस लागून तिचे पाणी होते. पूर्वी ते वाऱ्याने वाळत असे. शिवाय छतामुळे गळती दिसेनाशी झाली, म्हणून कवेलू फेरण्याचेही आम्ही सोडले होते.

तेव्हा उष्णता अवश्य अडवावी, परंतु ओलाव्यास वाट ठेवावी. छतावर हातभर पोकळी राखून दोन्ही टोकांस जाळी लावावी. मातीच्या भिंतीस मातीचा अथवा चुन्याचाच गिलावा द्यावा. पागोळ्यांचे पाणी पायापासून दूर न्यावे, स्वयंपाकघरास धुराडे ठेवावे व मृगापूर्वी कवेलू फेरावेत.

आमच्या घरी नवे आढे बसले. वडिलांचे गेले ते गेलेच. आपले वाचावे, एवढ्याचसाठी हे दोन शब्द.